चिखलदरा, नववी 'ब' आणि पासवाल्याची सीट

मंगळवारची दुपार. ऑफिसचा कॉल चालू, कॅमेरा बंद, माइक म्यूट. तेवढ्यात 'नववी ब' ग्रुपवर मेसेज पडला : 'सर हो म्हणाले!!!'

त्यानंतर कॉलवर कोण काय बोललं, ते मला विचारू नका.

तीन वर्षं आमचं गेट टुगेदर ठरत होतं आणि मोडत होतं. आधी गोवा ठरलं, मग अलिबाग, मग 'निदान लोणावळा तरी'. कुणाचं रिलीज, कुणाचं बाळ, कुणाच्या सासूबाई. शेवटी ग्रुपच्या अ‍ॅडमिनबाईंनी फर्मान काढलं, चिखलदरा! नववीत सहलीला गेलो होतो तिथेच, तसंच डिसेंबरात. आणि भूगोलाच्या सरांना घेऊन. सर कधीच रिटायर झालेत, गुडघ्याचं ऑपरेशनही झालंय. ते येतील असं कुणालाच वाटत नव्हतं. पण सर म्हणाले, "येतो ना. मागच्या वेळी तुमचं कुणाचं लक्षच नव्हतं."

पुण्यातल्या माझ्या टीमला चिखलदरा सांगितलं तर पहिला प्रश्न, "हे कुठे आलं?" मेळघाटात म्हटल्यावर दुसरा, "अरे, ते कुपोषणवालं?" हो, तेच. पण तिथे वाघही आहेत, कॉफीचे मळे आहेत आणि समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवरची दात वाजवणारी थंडीही आहे. विदर्भातल्या माणसाला हिल स्टेशन एकच. महाबळेश्वर, माथेरान तुमचं. आमचं चिखलदरा. वऱ्हाडातल्या निम्म्या शाळांच्या सहली तिथे जातात. उरलेल्या शेगाव, लोणार नाहीतर अजिंठा-वेरूळ.

आमची सहल २००६ ची. डिसेंबर महिना, दोन दिवस, एक मुक्काम, वर्गणी साडेतीनशे रुपये. शैक्षणिक सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, म्हणून तेवढ्यात भागलं. सोबत आणायच्या वस्तूंची यादी फळ्यावर : स्वेटर, कानटोपी, टॉर्च, वही-पेन, दोन वेळचा डबा. 'मौल्यवान वस्तू आणू नयेत' हेही होतं. आमच्याकडे मौल्यवान म्हणजे एकाकडे वडिलांचा कॅमेरा, तोही रोलचा. छत्तीस फोटो आणि चव्वेचाळीस मुलं. हिशोब तुम्हीच करा.

मी मॉनिटर होतो. म्हणजे पैसे गोळा करायचं काम माझं. रोज सकाळी प्रार्थनेनंतर मी उभा राहून मोठ्या आवाजात, अगदी बँकेच्या वसुली अधिकाऱ्यासारखा, पैसे न भरलेल्यांची नावं वाचायचो. पहिल्या दिवशी वीस नावं. मग बारा. मग आठ. शेवटच्या आठवड्यात सलग तीन दिवस माझ्या यादीच्या टोकाला तेच एक नाव होतं. माझ्या बाकावरचं.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. वर्गात त्याला 'पासवाला' म्हणायचे. अकोट रोडवर चोहोट्ट्याच्या पुढे एका फाट्यापासून तीन किलोमीटर आत त्याचं गाव. पहाटेची एसटी पकडून, पास काढून तो अकोल्याला शाळेत यायचा. गणितात माझ्यापेक्षा हुशार, अक्षर माझ्यापेक्षा वाईट. 'पैसे कधी देतोस बे?' म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "कापूस विकला की देतो."

आता तुम्ही शहरातले असाल तर या वाक्यातली गोम कळणार नाही. तेव्हा मलाही कळली नव्हती. मी अकोल्यातल्या सरकारी क्वार्टरमधला मुलगा. माझ्या घरी एक तारखेला पगार यायचा. कोरडवाहू कापूसवाल्याच्या घरात पैसा येतो तो वेचणी होऊन गाडी विकली गेली की. त्या वर्षी चिकनगुनियाची साथ होती, गावंच्या गावं सांधे धरून बसली होती. त्यात २००६ हे साल. वऱ्हाडातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या तेव्हा दिल्लीच्या पेपरांत पहिल्या पानावर होत्या. पंतप्रधान मनमोहनसिंग जूनअखेरीस विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करून गेले. त्यात अकोलाही होता. शाळेत आम्ही त्या पॅकेजवर निबंध लिहिला. माझ्या निबंधाला दहापैकी आठ मार्क होते! आणि शेजारी बसलेल्या पोराला मी रोज सकाळी उभं करत होतो.

शेवटच्या दिवशी त्याने सांगून टाकलं, "जाऊ दे बे. चिखलदरा पाह्यला आपण. मामासंगं गेलतो." मी यादीवर रेघ मारली. प्रकरण संपलं.

निघायच्या दिवशी पहाटे पाचला स्टँडवर आमची लाल गाडी लागलेली. पोट्ट्यांचा कल्ला, आयांच्या सूचना, पुऱ्यांचे डबे. सर खडूने गाडीच्या दारावर आकडा लिहीत होते. आणि खिडकीखाली पासवाला. हातात कापडी पिशवी, तिच्यात मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगा. डिसेंबरात वऱ्हाडात ओल्या तुरीच्या शेंगांपुढे वेफर्स, कुरकुरे सगळं पाणी कम चाय! पिशवी त्याने खिडकीतून दिली. "अर्ध्या सरले दे. अन् तू बी खाय." गाडी सुटली. माझ्या शेजारच्या सीटवर आलूच्या भाजीचं पातेलं ठेवलं होतं.

सहलीला जे जात नाहीत, त्यांचे ते दोन दिवस कसे जातात, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नव्हता. मला तर शेंगा संपेपर्यंत त्याची आठवणसुद्धा आली नाही.

सहल म्हणाल तर फुल टू धमाल. मूर्तिजापूरला शकुंतला एक्स्प्रेस दिसली. एका ब्रिटिश कंपनीने शंभर वर्षांपूर्वी कापूस वाहायला टाकलेली ही नॅरोगेज लाइन, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची. आमच्या वेळी डिझेल लागलं होतं, तरी आमच्यातला एक जण म्हणाला, "सर, मी उतरून पळतो, मंग पुढच्या स्टेशनावर यात बसतो." सरांनी परवानगी नाकारली. आज ती गाडी बंद आहे. रूळ गवतात गेलेत, आणि ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून लोक मागणी करताहेत.

अमरावतीत अंबादेवी झाली. रुक्मिणी इथूनच कृष्णासोबत गेली, असं सांगतात. ही गोष्ट ऐकताना नववीतल्या मुलामुलींनी एकमेकांकडे कसं पाहिलं असेल, ते सांगायला नकोच. मग हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९१४ मध्ये सुरू झालेल्या या आखाड्याचा चमू १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून आला, हे ऐकून आमच्या पी.टी.च्या सरांची छाती दोन इंच फुगली आणि त्यांनी आम्हाला तिथेच मैदानाला एक राउंड मारायला लावला.

पुढे परतवाडा, घाट, उलट्या (चव्वेचाळीसपैकी नऊ), आणि रात्री एका हॉलमध्ये सतरंज्यांवर झोप. झोप कसली! पहाटे तीनला कुणीतरी 'वाघ!' ओरडलं आणि पी.टी.चे सर सगळ्यात आधी उठून दाराला कडी लावून आले.

दुसऱ्या दिवशी पॉइंट. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल. भीमाने कीचकाला मारून याच दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा आणि त्याचा झाला चिखलदरा, अशी इथली कथा. पंचबोलला आवाज दिला की तो दऱ्यांतून फिरून फिरून परत येतो. आता नववीच्या मुलांना अशी जागा मिळाल्यावर ती काय करणार? सर कठड्यावर उभं राहून पाऊस, नद्या, खडक असं काहीतरी सांगत होते आणि आम्ही मागे एका मुलीचं नाव ओरडत होतो. दरी ते नाव इमानदारीने परत करत होती. ती मुलगी आज ग्रुपची अ‍ॅडमिन आहे आणि हा विषय काढला की मेसेज डिलीट करते.

परतीला गाडी अंजनगाव-अकोटवरून आली. चोहोट्ट्याच्या पुढचा तो फाटा रात्री साडेनऊला मागे गेला असणार. आम्ही सगळे झोपलो होतो.

तर, तेच चिखलदरा, जवळपास दोन दशकांनी. तुम्हाला जायचं असेल तर आधी व्यवहाराचं बोलू. मुंबईहून रात्रीची अमरावती एक्स्प्रेस पकडली की सकाळी अकोला किंवा अमरावती. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईहून अमरावतीला विमानही सुरू झालं, त्याची वेळ बघून घ्या. गाडीनेच यायचं तर समृद्धी महामार्ग आहे. जून २०२५ पासून तो मुंबईच्या टोकापर्यंत पूर्ण खुला झालाय. अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर आणि तिथून वर घाटातून तीसेक. राहायला एमटीडीसी आहे, खासगी हॉटेलंही भरपूर. माझं ऐकाल तर जुलै-ऑगस्टचा वीकएंड टाळा. धुकं, धबधबे सगळं खरं, पण घाटात गाड्यांची रांग लागते आणि तुमचा पावसाळा पुढच्या गाडीचा टेललॅम्प बघण्यात जातो. डिसेंबरात धबधब्याची धार बारीक होते, पण हवा स्वच्छ, ऊन कोवळं आणि परतवाड्याच्या रस्त्याला संत्र्यांचे ढीग.

आम्ही चौदा जण होतो. अकोल्यातून ट्रॅव्हलर केली. सकाळी सहाला स्टँडसमोर जमलो तर सर आधीच हजर, हातात कागद. त्यांनी तो माझ्याकडे दिला. "मॉनिटर, हजेरी घ्या."

मी पुण्यात रोज चाळीस जणांसमोर प्रेझेंटेशन देतो. पण तो कागद वाचताना माझा आवाज फाटला. कारण सातवं नाव पासवाल्याचं होतं. "हजर सर!" तो मागून ओरडला, आणि सगळे हसले. त्याच्या हातात कापडी पिशवी होती. आत काय असेल, ओळखा.

तो आता गावातच असतो. शेती करतो, फाट्यावर कृषी केंद्र टाकलंय. ग्रुपवर त्याचे मेसेज मोजके. पावसाचा फोटो, कधी एखाद्याच्या वाढदिवसाला केकची इमोजी. या सहलीला मात्र पैसे सगळ्यात आधी त्याचे आले. यूपीआयने, पाचच मिनिटांत.

अकोला-अमरावती रस्ता आता लोण्यासारखा झालाय. हा तोच रस्ता, ज्याला वैतागून लोकांनी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज रेकॉर्ड झालं. "पह्यले वीस वर्षं लावले, मंग पाच दिवसांत केला," पासवाला म्हणाला. वऱ्हाडी माणूस कौतुकही असं करतो.

अमरावतीत थांबून गिला वडा खाल्ला. दही-चटणीत न्हालेला हा वडा अमरावतीकरांचा वीक पॉइंट आहे. मुंबईच्या वडापाववाल्यांनी उगाच तुलना करू नये, हरतील. परतवाड्यात चहा. मग घाट. या वेळी उलट्या शून्य, पण तिघांनी आधीच गोळी घेतली होती. वय!

दुसऱ्या दिवशी सकाळी गाविलगड. किल्ला व्याघ्र प्रकल्पात आहे, तेव्हा वनखात्याचं तिकीट काढायचं, प्लॅस्टिक न्यायचं नाही आणि अंधार पडायच्या आत बाहेर. देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ मध्ये जाहीर झाले, त्यात मेळघाट एक. इतिहास थोडक्यात सांगतो. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. पुढे बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच वेलस्ली. एका दरवाज्यावर हत्तींना पंजात धरलेले सिंह आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलाय. २००६ मध्ये याच दरवाज्याखाली आमचा ग्रुप फोटो निघाला होता, छत्तीसपैकी सतरावा. त्यात दरवाजा दिसत नाही. आमची तोंडं दिसतात, तीही निम्म्यांची.

किल्ला मोठा आहे. सरांचा गुडघा, म्हणून हळूहळू चाललो. एकदा डावीकडून पासवाला आणि उजवीकडून मी असं त्यांना धरून पायऱ्या चढवल्या. दक्षिणेच्या तटाशी आल्यावर सर थांबले, दगडावर बसले आणि म्हणाले, "हं. आता ऐका. त्या दिवशी हेच सांगत होतो."

खाली सगळा पयनघाट पसरलेला. मेळघाटचे हे डोंगर म्हणजे सातपुड्याची दक्षिणेकडची कड. तिथून जमीन एकदम खाली सपाट होते, आणि त्या सपाटीतून पूर्णा नदी पश्चिमेला तापीकडे जाते. वर पाऊस चिक्कार, खालच्या अकोल्याच्या जवळपास दुप्पट. ते पाणी चंद्रभागा, शहानूर, वान अशा नद्यांनी खाली उतरतं. खाली जमीन काळी, भारी, कापसाची. मग खालच्या माणसाची चंगळ असायला हवी की नाही?

"नाही सर," आयटीतला एक मित्र म्हणाला. तो नववीतही सरांचा मूड बघूनच उत्तर द्यायचा.

"का नाही?"

सगळे गप्प. शेवटी पासवाला बोलला. "खारं पाणी."

सर त्याच्याकडे बघतच राहिले.

मग पुढचं त्यानेच सांगितलं. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या खारपाणपट्ट्यात त्याचं गाव. साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा पट्टा. विहीर खणा, बोअर मारा, लागतं ते पाणी मचूळ. पिऊन तहान भागत नाही, आणि ते सारखं पिकाला दिलं तर काळी माती घट्ट होते, जमीन नापीक व्हायला लागते. म्हणजे सगळा भरवसा पावसावर. पाऊस चुकला की कापूस गेला, कापूस गेला की वर्ष गेलं. प्यायला पाणी वान, शहानूरसारख्या धरणांतून पाइपलाइनने येतं, म्हणजे याच डोंगरांतून. नळाचं गोड पाणी यायच्या आधी त्याच्या आजीने जन्मभर खारं पाणी प्यायलं. आता गावागावांत शेततळी झालीत. पावसाचं गोड पाणी साठवायचं आणि एखादं ओलीत द्यायचं. त्याचंही एक आहे. त्याच्यावर हरभरा निघतो.

"माह्या वावरातून हे डोंगर रोज दिसते," तो म्हणाला. "निळी रेघ. पाऊस पडून गेला की एकदम जवळ येते. लहानपणी वाटे, तथी पाणीच पाणी असन."

मी त्याच्याकडे बघितलं. तो तटावर हात ठेवून नैर्ऋत्येला काहीतरी शोधत होता. इतक्या दुरून गाव दिसणं शक्य नव्हतं, तिकडे नुसती धूसर पट्टी होती. आपण वर आलोय हे त्याने मोबाइलमध्ये टिपून ठेवावं तसे सात-आठ फोटो काढले, सगळे त्या धुक्याचेच.

तेव्हा मला कळलं, की मामासंगं वगैरे सगळी थाप होती. हा माणूस चिखलदऱ्याला पहिल्यांदा आला होता. घरापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. दरम्यान मी दोनदा सिंगापूरला जाऊन आलो. माझा मुलगा ज्या शाळेत जातो, तिथल्या मोठ्या मुलांची सहल परदेशात जाते आणि त्याचा खर्च ईएमआयवर भरता येतो. हे मी तटावर उभं राहून आठवत होतो, आणि कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतं.

संध्याकाळी रबडी. चिखलदऱ्याला जाऊन रबडी न खाणं म्हणजे तिरुपतीला जाऊन लाडू न खाणं. डोंगरात पूर्वीपासून गवळ्यांची वस्ती, किल्ल्याचं नावसुद्धा त्यांच्यावरून पडलं म्हणतात. म्हशीच्या दुधाची घट्ट, जरा जळक्या वासाची रबडी पत्रावळीच्या द्रोणात घेऊन आम्ही टपरीसमोर बाकड्यांवर बसलो. शेजारच्या दुकानात इथल्याच कॉफीची पावडर मिळते. ब्रिटिशांनी लावलेली कॉफी इथे अजून पिकते. टीमसाठी चार पाकिटं घेतली.

मी ठरवलं होतं की बोलायचंच. पण सुरुवात सरांनीच केली. द्रोण खाली ठेवून ते म्हणाले, "तुला एक विचारायचं राहिलं. मी तुझे पैसे भरले होते. हेडमास्तरांकडे यादी दिली, त्यात तुझं नाव होतं. स्टँडवर आलास, मला वाटलं चढशील. शेंगा देऊन निघून गेलास."

बाकड्यावर एकदम शांतता. मला तर हे माहीतच नव्हतं. माझ्या यादीवर रेघ होती.

"मले कोणी सांगतलंच नाई सर," पासवाला म्हणाला.

सर म्हणाले, "वर्गात सांगितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. म्हणून नाही सांगितलं. वाटलं, गाडीतच बसवू."

तर असं होतं. सरांनी त्याचा मान राखायला गुपचूप पैसे भरले, आणि मी तीन दिवस त्याचं नाव मोठ्याने वाचून त्याला आधीच पळवून लावलं. मी म्हणालो, "माझ्यामुळे झालं ते. मी रोज—"

"हाव ना, तुह्याचमुळे झालं," तो शांतपणे म्हणाला. मग हसला. "लय जोरात वाचे तू बे. आकाशवाणीवर पाह्यजे होता."

सगळे हसले. मीही. पण त्याने 'असू दे, काही नाही' असं म्हटलं नाही. आणि ते मला बरं वाटलं.

अ‍ॅडमिनने विचारलं, "मग ते दोन दिवस तू काय केलंस?"

"शाळेत. आम्ही सात जनं होतो. नववी 'अ'मध्ये मागच्या बाकावर बसवलं. पह्यल्या दिवशी त्यांचा वर्ग चालू, आपल्याले काई समजे ना. दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या बाईनं लायब्ररी साफ कराले घेतलं. मस्त होतं. पेपरातले जुने वाघाचे फोटो कापून घेतले." थोडं थांबून म्हणाला, "घरी काय सांगाव, हा प्रश्न होता. बाबानं उसने मागतले होते पैसे, भेटले नाई. त्याले वाईट वाटलं असतं. मंग मी सांगतलं, सहल कॅन्सल झाली."

कुणी काही बोललं नाही. टपरीवाल्याने विचारलं, "अजून रबडी?" सर म्हणाले, "द्या. सगळ्यांना."

परतीचा रस्ता तोच, अंजनगाव, अकोट. या वेळी कुणी झोपलं नव्हतं. तुरीच्या शेंगांची पिशवी फिरत होती, टरफलं एका कॅरीबॅगमध्ये जमा होत होती. सरांची सक्त ताकीद, खिडकीबाहेर काही टाकायचं नाही. अंताक्षरी झाली, पंचबोलची गोष्ट झाली, अ‍ॅडमिन चिडली. मधेच सहलींचे नवे नियम किती कडक झालेत यावर चर्चा झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजच्या सहलीतली १४ मुलं बुडाली, त्यानंतर संमतीपत्रं, परवानग्या, पाण्याच्या जागा टाळणं, सगळं वाढलं. आमच्यातली एक जण आता स्वतः शिक्षिका आहे. ती म्हणाली, मुलं मोजता मोजता डोंगर बघायला वेळच मिळत नाही. सर म्हणाले, "आम्हाला कुठे मिळत होता? मी तर त्या दिवशी तुमच्याकडे पाठ करून उभा होतो, तेवढीच पाच मिनिटं."

साडेनऊच्या सुमाराला चोहोट्टा मागे पडलं आणि फाटा आला. रस्त्याच्या कडेला मोटारसायकल उभी होती आणि एक म्हातारा हातात टॉर्च घेऊन. डोक्याला मफलर. पासवाला खाली उतरला, त्याच्यामागे पाय मोकळे करायला सरही. मी सरांना धरायला म्हणून उतरलो.

म्हाताऱ्याने टॉर्च सरांच्या तोंडावर मारली, ओळखलं, घाईघाईने ती खाली केली आणि वाकून नमस्कार केला.

"सर, त्या साली कॅन्सल झाल्ती नं तुमची सहल? पोट्टं लय नाराज होतं तवा."

पासवाला मोटारसायकलवर पिशवी अडकवत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"हो," सर म्हणाले. "घाटात रस्त्याचं काम होतं. गाडी जात नव्हती. आता झाली बघा."

"चाला, झाली नं एकदाची," म्हातारा म्हणाला. "थंडी असन वरती?"

"खूप."

सर गाडीत चढले. मी कागद काढला आणि मोजलं. तेरा.